मैनाच्या चाचांना जाहीर आभार

चाचा, सलाम.

तुम्हाला फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "घोडीने किया बेटा, मैंने क्या किया" म्हणता आणि लगेच पाऊस किती झाला ते विचारता, म्हणून आता हे सगळ्यांसमोरच लिहितेय. तुम्ही स्वतः काही वाचणार नाही हे माहितीय, नातू वाचून दाखवेल, त्याला म्हणावं जरा सावकाश वाच.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैना आमची मारवाडी घोडी, रंगाने कुमैत, कपाळावर टिक्का आणि कान असे की टवकारले की टोकाला टोक लागतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते ना तापीकाठी, तिथून आमच्या दिरांनी आणली. त्या बाजारात घोडी घेताना लोक आधी अंगावरच्या केसांचे भोवरे बघतात, कुठला शुभ कुठला अशुभ यावर तासभर चर्चा चालते, चाल बघतात, नाचते का बघतात, आणि तोंड उघडून दात बघितले तरी ते वय ओळखायला. मैना सगळ्यात पास झाली. घरी आली आणि मग कळलं की बाई एक नंबरची बुजरी. खताचं रिकामं पोतं उडालं, बुजली. शेजारच्या रानात तुषार सिंचन चालू झालं, बुजली. आमच्या फलटणकडे सीझनला उसाचे ट्रॅक्टर चालतात ते सगळ्यांना माहिती आहेत, मागे दोन दोन ट्रॉल्या आणि वर स्पीकर फुल्ल, तो लांबून ऐकू आला की ही जागेवर गर्रकन फिरायची आणि चौखूर उधळायची. लेकीचं हेल्मेट एकदा बांधाच्या दगडावर आपटून फुटलं, डोकं वाचलं, तेव्हा घरात विकायचंच ठरलं होतं. त्याच्या आधी एका ट्रेनरला बोलावलं होतं, त्याने चाबूक आणि काटेरी लगाम एवढ्या दोनच औषधांवर काम केलं, त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं, पुण्याच्या रेसकोर्सवर सायस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे होते, आता गावाकडे असतात, आणि तुम्ही एसटीने आलात, हातात फक्त एक पिशवी. आम्हाला वाटलं आता चाचा मांड ठोकणार आणि घोडी सरळ करणार. तुम्ही खोगीर मागितलंच नाही! तुम्ही तिच्या खांद्याच्या बाजूने गेलात, समोरून नाही आणि मागूनही नाही, कारण घोड्याला जवळजवळ चहूबाजूचं दिसतं पण नाकासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही, हे तुम्ही लेकीला नंतर सांगितलंत. जबड्याखाली दोन बोटं लावून नुसते उभे राहिलात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलात. शांत घोड्याची नाडी मिनिटाला तीस-चाळीसच्या आसपास असते, हिची नुसती उभी असताना पळत होती. मग तोंडात अंगठा घालून हिरड्या चाचपल्यात, आणि डाव्या बाजूला एका ठिकाणी तुमचं बोट लागलं तशी मैनाने मान वर झटकली. तुम्ही परत हळूच तिथंच बोट नेलंत, परत झटकली. "ये देखो" एवढंच म्हणालात.

वुल्फ टूथ निघाला तो. दाढांच्या पुढं एक छोटासा फुकटचा दात असतो काही घोड्यांना, त्यावर लगामाची कडी आपटते. त्यात वर काटेरी लगाम, म्हणजे ट्रॅक्टर आला की लेक घाबरून लगाम ओढणार, तोंडात कळ येणार, आणि मैनाच्या डोक्यात हिशोब पक्का होणार की ट्रॅक्टर आला की दुखतं. तो हिशोब तिच्या बाजूने बरोबरच होता की! डॉक्टरांनी भूल देऊन दात काढला, बाकीच्या दाढांची धारदार टोकं घासली, आणि काटेरी लगाम तुम्ही तुमच्या पिशवीत टाकलात. असल्या लगामावर 1965 च्या केंद्राच्या नियमांत बंदी आहे हे आम्हाला डॉक्टरांकडून तेव्हाच कळलं, आणि तरी बाजारात उघड टांगलेले असतात, असो.

चंदी, म्हणजे तिचा दाणा-खुराक, पण तुम्ही कमी केलीत. रोज भिजवलेला हरभरा, वर बार्ली, आणि काम काय तर दिवसभर खुंट्याला उभं राहायचं, मग ती उधळणार नाही तर काय करणार. हरभरा मूठभर, वैरण भरपूर, आणि दिवसा मोकळं सोडायचं. सासूबाई आठवडाभर नाराज होत्या, घोडी वाळेल म्हणून.

पोत्याचं तुम्ही जे केलंत ते मात्र मी आयुष्यात विसरणार नाही. मला वाटलेलं तुम्ही पोतं तिच्या अंगावर घासून घासून सवय लावणार, तो आधीचा ट्रेनर तेच करत होता. तुम्ही पोत्याला दहा-बारा हात लांब काढणी बांधलीत आणि ते ओढत तिच्यापासून लांब चालायला लागलात, आणि लेकीला म्हणालात तिला घेऊन पोत्याच्या मागं मागं ये. पळून जाणाऱ्या वस्तूला कोण घाबरणार! आधी लांबूनच फुरफुरली, मग कान पुढं, मग मान खाली करून हुंगत हुंगत मागं, आणि शेवटी पोत्यावर पायच ठेवला बाईने. मध्ये जिथं ती ताठ झाली तिथं तुम्ही थांबलात, तिने मान सोडली आणि ओठ चघळले की पोतं अजून लांब नेलंत, तेच तिचं बक्षीस. दुसऱ्या दिवशी तेच सगळं उजव्या बाजूने परत, मी म्हटलं काल झालं ना, तर तुम्ही म्हणालात काल डाव्या डोळ्याने बघितलं, आज उजव्या डोळ्याचा नंबर.

आणि लेकीचं काय केलंत तेही लिहायलाच पाहिजे. ट्रॅक्टर अजून वळणावर पण आलेला नसायचा आणि तुम्ही म्हणायचात बेटा कोपर बघ. खरंच तिची कोपरं आवळलेली असायची, श्वास अडकलेला, आणि मैनाला ट्रॅक्टरच्या आधी तेच कळायचं. लेकीने नंतर नेटवर शोधलं तर स्वीडनमध्ये 2009 साली याच्यावर अभ्यास छापून आलेला निघाला, माणसांना सांगितलं की आता पुढच्या फेरीला छत्री उघडणार, छत्री उघडलीच नाही, तरी माणसांचे आणि घोड्यांचे दोघांचेही ठोके वाढले. तुम्ही त्यावर उपाय काय काढलात, तर पाढे म्हणायचे, मोठ्याने! पाढे म्हणताना श्वास कोंडून ठेवता येत नाही म्हणून. आमची लेक सत्ताविसाचा पाढा म्हणत गावातून घोडीवर जाते हे आता अख्ख्या गावाला पाठ झालंय, घोडीमुळे गणित सुधारलं असं तिचे सर म्हणतात.

एका हाताचा लगाम पण तुम्ही उभ्या घोडीवर आधी शिकवलात, दोन्ही हातांनी मागं खेचायचं नाही, एकाच बाजूने मान हळू वळवून तिला गोलात आणायचं, पाय थांबले की लगेच सोडायचं. भरधाव घोडीला एकदम असं वळवलं तर ती पडेल म्हणून चालीत आणि दुडकीतच सराव, आणि पहिलं पाऊल चुकतंय असं वाटलं की तेव्हाच. हे ज्यांच्याकडे बुजरं घोडं आहे त्यांनी नुसतं वाचून करू नका बरं का, जाणकार माणूस शेजारी घ्या.

रस्त्यावर काढताना तुम्ही शेजारच्या पाटलांची म्हातारी तट्टाणी सोबत घेतलीत, तिच्या शेजारून रणगाडा गेला तरी ती गवत खाणार. मैना प्रत्येक आवाजाला आधी तिच्याकडे बघायची. तेव्हाच बोलता बोलता तुम्ही माउलींच्या पालखीतल्या अश्वांचं बोललात. चांदोबाच्या लिंबाला दरवर्षी आम्ही उभं रिंगण बघतो, टाळ-मृदंग, एवढी गर्दी, आणि मधून ते अश्व दौडत जातात, मला नेहमी वाटायचं ते घोडे जन्मताच असे असणार. तुम्ही म्हणालात ते कर्नाटकातल्या अंकलीहून आळंदीपर्यंत पायी येतात, रस्ता, माणसं, गाड्या सगळं बघत बघत, ते चालणं विसरू नका. म्हणून आम्ही अजूनही आठवड्यातून एकदा मैनाला नुसतं हातात धरून बाजारपेठेतून फिरवून आणतो, वर कुणी बसत नाही.

सगळं छान झालं असं लिहिलं तर तुम्हीच नातवाला थांबवाल. पाखरांसाठी रानात चमकी रिबीन लावतात ना, ती वाऱ्यात वाजली की मैना अजून अंग चोरते आणि दोन पावलं बाजूला सरकते. पण सरकते आणि थांबते, उधळत नाही, आणि लेक पाढा म्हणत बसून राहते. उसाच्या ट्रॉलीला तर आता नुसता एक कान देते. परवा दीर आले होते, म्हणाले घोडी बदलून आणली काय.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, एसटीचं तिकीट पण नाही, म्हणून सासूबाईंनी तुमच्यासाठी घोंगडी काढून ठेवलीय, तिला नाही म्हणायचं नाही, त्या ऐकणार नाहीत. डॉक्टर पुढच्या महिन्यात परत दाढा बघायला येणार आहेत, तारीख कळली की नातवाच्या व्हॉट्सॲपवर टाकते. त्या दिवशी या, जेवायलाच या, आणि तो काटेरी लगाम पिशवीत असेल तर घेऊन या, दिरांना दाखवायचाय.

तुमची,
मैनाच्या घरची सगळी