आयरिश कुटुंब गेलं ते एकेका तिकिटाने

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सेंट पॅट्रिक दिनाच्या (१७ मार्च) सुमारास आयरिश स्थलांतरावर लेख येतात. सोबतचं चित्र ठरलेलं: नवरा, बायको, चार पोरं, बोचकी आणि मागे जहाज. १८४५ साली आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला (बटाटा-टोमॅटोवरचा ‘उशिरा येणारा करपा’ आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे, तोच हा) आणि दुष्काळ आला, त्यानंतर अशी कुटुंबं निघालीही. पण हिशेब मांडला की हे चित्र सरसकट खरं वाटत नाही.

लिव्हरपूल ते न्यूयॉर्क भाडं माणशी साधारण चार पौंड. दुष्काळी कामांवर मजुरी रोजची आठ-दहा पेनी आणि पौंडाचे पेनी २४०. म्हणजे एका तिकिटाला शंभर-सव्वाशे दिवसांची मजुरी, तीही पोटात काही न घालता! अगदी कफल्लक माणूस जहाजापर्यंत पोचायचाच नाही. जमीनदाराने कुळांचा भार उतरवण्यासाठी स्वखर्चाने धाडलेले तेवढे अपवाद.

प्रवासाला पाच-सहा आठवडे, वारा पडला तर जास्त. १८४२ च्या ब्रिटिश प्रवासी कायद्याने माणशी आठवड्याला सात पौंड, म्हणजे तीन किलोच्या थोडं वर बिस्किट, पीठ किंवा ओटचा रवा आणि रोज सुमारे साडेतीन लिटर पाणी. पिणं, शिजवणं, धुणं सगळं त्यातच. पाण्याची पिपं कधी आधी दारूची, कधी व्हिनेगरची, पाणी नासायचं. चूल डेकवर. वादळात ती विझवत आणि झडपा लावून घेत, की खाली पीठ कच्चंच फाकायचं. सहा फूट रुंद फळीवर चार माणसं, वाट्याला दीड फूट. अशा दाटीत टायफसचा ताप फैलावे. तो उवांमुळे पसरतो हे १९०९ साली सिद्ध झालं; त्याआधी सगळा दोष हवेच्या माथी. कॅनडातल्या क्वेबेकजवळच्या ग्रोस इल या क्वारंटाइन बेटावर एकट्या १८४७ मध्ये पाच हजारांहून अधिक माणसं पुरली गेली.

उतरल्यावर धक्क्यावर दलाल. आपलीच बोली बोलणारा, म्हणून विश्वास बसे. तो सामान उचलून खानावळीत नेई. निघताना बिल फुगलेलं आणि ते भरेपर्यंत पेटी अडकवलेली. १८५५ मध्ये न्यूयॉर्कला स्थलांतरितांना उतरवून घेणारं कॅसल गार्डनचं केंद्र उघडलं, तिथे रेल्वेची तिकिटं आणि पैसे बदलून मिळणं आतच होऊ लागलं, तेव्हा कुठे याला थोडा आळा बसला.

घर तगवलं ते मात्र बिनलग्नाच्या मुलींनी, आणि हे फार कमी लिहिलं जातं. पुरुषांची कामं कालव्यावर, गोदीत, रोजंदारीची. हिवाळ्यात कालवा गोठला की कमाई बंद, खोलीचं भाडं चालूच. या मुली मोलकरणी; त्यांचं राहणं-जेवण मालकाकडे. महिन्याला सहा डॉलर धरले तरी बरेचसे शिल्लक पडत आणि चार पौंड म्हणजे वीसेक डॉलर. साडेतीन-चार महिन्यांत एक तिकीट! ते न्यूयॉर्कमध्येच विकत घेऊन गावी पाठवायचं. आधी भाऊ, मग बहीण, आई-बाप सगळ्यात शेवटी. गिरणगावातल्या चाकरमान्याची मनीऑर्डर ज्यांच्या घरी आली, त्यांना हे समजावून सांगायला नको.

ही साखळी तुटायची ती बहुधा नवऱ्यापाशी. तो रेल्वेच्या कामामागे पुढे सरके, पत्ता बदले, पत्रं थांबत. अशांसाठी बोस्टनच्या ‘पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत ‘हरवलेले आप्त’ हे सदर चालू होतं. जाहिरातीत माणसाचं नाव, काउंटी (जिल्हा), पॅरिश (चर्चचा विभाग), निघाल्याचं साल आणि शेवटचं पत्र कुठून आलं ते गाव.

– एक वाचक, पुणे