सोलापूरची ओळख कोणी घडवली?

'परप्रांतीयांचे लोंढे आणि हरवती ओळख' हा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. बाहेरून आलेल्यांमुळे शहराची संस्कृती पातळ होते, हे त्यातील विधान सोलापूरला तरी लागू पडत नाही. सोलापूरची म्हणून जी चादर देशभर ओळखली जाते, ती विणणाऱ्या हातांत तेलंगणातून पोटासाठी आलेल्या पद्मशाली विणकरांचा वाटा फार मोठा आहे. पूर्व भागात आजही घरात तेलुगू आणि दारात मराठी चालते. विड्या वळणाऱ्या बायका पोरांना रागावतात तेलुगूत आणि कारखान्यात मजुरीचा हिशेब मागतात मराठीत. नारळी पौर्णिमेला पद्मशालींच्या मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा दर्शनाला सगळे गाव लोटते. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचने तर कन्नडमध्ये आहेत! मग अस्सल सोलापुरी कोणाला म्हणायचे?

राष्ट्रीय अस्मितेची चाड इथे कधी कमी पडली नाही. १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर (लष्करी कायद्यानंतर) मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. ही चार नावे एकापाठोपाठ एक वाचली, तरी पुरे.

नव्याने येणाऱ्यांना मराठी आली पाहिजे, हा लेखकाचा आग्रह मात्र रास्त आहे. त्यासाठी मजुरांच्या वस्त्यांत संध्याकाळचे वर्ग हवेत; ते कोण काढणार, यावर लेखात चकार शब्द नाही. आज सोलापूरची पोरे नोकरीसाठी पुण्याला जाऊन राहतात. त्यांनाही हाच न्याय लावायचा का, हे लेखकाने सांगावे.

– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर