आमच्या वाचनालयातल्या काकांना

प्रिय काका,
सा. न.

जर्मन भाषेच्या बी१ परीक्षेचे चारही भाग सुटले. प्रत्येकात 100पैकी 60 लागतात. बोलण्याच्या भागाची मला धास्ती होती, तोही निघाला. निकाल फोनवर सांगताना मला धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय. तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे.

जर्मनीत नर्स म्हणून कामाला लागायचं तर साधारण बी२पर्यंत, म्हणजे बी१च्या पुढच्या पायरीपर्यंत भाषा लागते, हे मला ज्यांनी सांगितलं त्यांनी त्याच दिवशी फीही घेतली. नाव घेत नाही. शहरातला क्लास, ‘ऑनलाइन लाइव्ह बॅच’. लाइव्ह म्हणजे आधीच करून ठेवलेले व्हिडिओ, आणि ग्रुपवर लिहायची परवानगी फक्त ॲडमिनला. पावसात आमच्याकडे लाइट गेली की टॉवरही जातो, सड्यावर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही, असं कळवलं तर मॅडम म्हणाल्या, “मग हा कोर्स तुमच्यासाठी नाहीच.” फी परत मागितल्यापासून त्यांचा फोन लागत नाही. त्यांचीही रेंज गेली असेल!

तुम्हाला जर्मनचं एक अक्षर येत नाही. तरी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा ए१ म्हणजे पहिल्या पायरीपासून बी१पर्यंतचा अख्खा कोर्स फुकट आहे, त्यांच्याच सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासकट मिळतात, ही परीक्षा घेणारी ग्योथे इन्स्टिट्यूट तिचे नमुना पेपर ऑडिओसह साइटवर ठेवते, हे सगळं तुम्ही हुडकून काढलंत. क्लासवाल्यांच्या तोंडून यातलं एकही नाव आलं नव्हतं. कसं येईल? वाचनालयाच्या वायफायवर ते सगळं उतरवून तुम्ही मेमरी कार्डात भरून दिलंत. देवगडला ड्युटीवर जाताना एसटीत माझ्या कानात त्याच बातम्या असायच्या.

पण खरं सांगू, मला रडू आलं ते त्या पुस्तकाने. नमुना पेपरांच्या प्रिंट काढून तुम्ही त्या दाभणाने शिवल्यात, वर खाकी कव्हर, पाठीवर पांढऱ्या चिठ्ठीत दाखल क्रमांक. मी पैसे काढले तर म्हणालात, “वाचनालयाचं पुस्तक आहे, विकत कसं देऊ?” आणि रजिस्टर पुढे सरकवलंत सहीसाठी. घरी येऊन आतली चिठ्ठी बघितली. परत करण्याच्या तारखेचा रकाना कोरा. ज्या माणसाने दिवाळी अंकाला दोन दिवस उशीर झाला म्हणून माझ्या बाबांकडून दंड घेतलाय, त्याने!

ड वर्ग वाचनालयाला अनुदान किती आणि ते येतं कधी, हे गावाला माहीत आहे. त्यातून तुमच्या हातात काय पडतं ते इथे लिहिलं तर वाचणाऱ्यांना खोटं वाटेल. आपल्याकडे अशी माणसं अजून आहेत. एसटीच्या कंट्रोलर केबिनमध्ये, पोस्टाच्या खिडकीमागे, आरोग्य केंद्रात. आपलं काम तर करतातच, वर दुसऱ्याची अडचण अंगावर घेतात आणि कुणी आभार मानायला लागलं की चष्मा पुसत बसतात.

गणपतीनंतर बी२ला सुरुवात करतेय. त्याच्या नमुना पेपरांच्या प्रिंट मात्र माझ्या पैशाने निघतील, शिवून तुम्ही द्यायच्या. काकूंना नमस्कार.

तुमची,
सभासद (वर्गणी या महिन्यात भरते)