शेखच्या यादीतली चाळीस माणसं

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडलीच होतीस. तुझ्या बसऱ्याच्या साइटवरच्या पहाऱ्याचं बिल आलंय, जमीनवाल्या शेखने 'चाळीस माणसं' एवढंच लिहून दिलंय, नाव एकाचंही नाही, हा सरळ हप्ता झाला, म्हणालीस. आणि गेटवरच्या त्या पोराला तीन महिन्यांत छदाम मिळालेला नाही. तेवढ्यात लाइन गेली. राहिलेलं बोलणं पत्रात लिहितोय. रिफायनरीत तीस वर्षं काढून निवृत्त झालो तरी तेलाचा नाद सुटत नाही, हे आईचं म्हणणं तुला माहीत आहेच.

तुझ्या बसऱ्यापासून नदीने खाली गेलं की पलीकडच्या काठावर इराणचं आबादान. तिथल्या रिफायनरीला तेल यायचं मस्जिद-ए-सुलेमानहून, झाग्रोसच्या पायथ्याच्या टेकड्यांमधून. तो मुलूख बख्तियारी टोळ्यांचा. थंडीत मेंढरं घेऊन खाली यायचे, उन्हाळ्यात डोंगर ओलांडून पलीकडे जायचे.

१९०१ साली तेहरानच्या शहाने विल्यम डार्सीला तेलाचा ६० वर्षांचा परवाना दिला. रोख २० हजार पौंड, तेवढ्याच किमतीचे शेअर आणि निव्वळ नफ्याचे १६ टक्के. चौदाव्या कलमात शहाने कामाच्या आणि माणसांच्या सुरक्षिततेची हमीसुद्धा लिहून दिली. पण शहाच्या शिक्क्याला त्या डोंगरात कोण विचारतो? तिथे खानांचा, म्हणजे बख्तियारींच्या सरदारांचा, शब्द चालायचा. म्हणून नोव्हेंबर १९०५ मध्ये इस्फहानचा ब्रिटिश कौन्सल प्रीस आणि डार्सीचा इंजिनिअर रेनॉल्ड्स यांनी खानांशी वेगळा करार केला. (हा रेनॉल्ड्स आधी आपल्याकडे पीडब्ल्यूडीत होता.) पहाऱ्याचे वर्षाला २ हजार पौंड, शिवाय त्यांच्या मुलखात तेल काढणाऱ्या कंपनीचे ३ टक्के शेअर. तेहरानने हा करार मानला नाही. एकाच जागेची राखण दोघांनी विकली होती, आणि ज्याने कागदावर हमी दिली त्याचा तिथे एक शिपाई नव्हता.

आता तुझा हप्ता. खानांना दिलेला पैसा खंडणी होती की भाडं, यावर वाद घालता येईल, पण आपण जरा जपून बोलावं. चौथाई वसूल करणारे आपलेच पूर्वज होते. मला खटकतं ते वेगळंच. पैसा थांबायचा खानांपाशी. त्यांच्यात पुन्हा दोन घराण्यांची भाऊबंदकी, वाटणीवरून कुरबुरी. विहिरीवर बंदूक घेऊन उभा राहायचा तो तुफंगची. साहेबाकडे पैसे आहेत एवढं त्याला दिसायचं, आपल्या वाट्याला किती येणार ते मात्र खान ठरवणार. मग तो साहेबांकडेच मागायचा, नाही मिळालं की धमकवायचा. पहारेकऱ्यांचाच उपद्रव होतोय, अशा रेनॉल्ड्सच्या तक्रारी सुरू झाल्या.

त्यावर इलाज म्हणून १९०७ च्या अखेरीस हिंदुस्थानातून बेंगॉल लान्सर्सचे मूठभर स्वार आले. म्हणजे पहारेकऱ्यांवर पहारा! बरोबर अधिकारी आर्नल्ड विल्सन, वय २३. कागदोपत्री कारण असं की अहवाजच्या कौन्सुलेटचा पहारा वाढवायचाय. सरकारी कागद कसा लिहावा हे यांच्याकडून शिकावं. हे कौन्सल इंग्लंडचे असले तरी आखाताची सूत्रं इराणी किनाऱ्यावरच्या बुशहरच्या ब्रिटिश रेसिडेंटकडे, आणि तो हिंदुस्थान सरकारचा माणूस. १८७३ पर्यंत तर ती रेसिडेन्सी मुंबई सरकारच्याच हाताखाली होती.

२६ मे १९०८ च्या पहाटे तेल लागलं. १९०९ च्या जुलैत सरदार असद हा बख्तियारी खान आपले घोडेस्वार घेऊन तेहरानमध्ये शिरला आणि शहाला गादी सोडावी लागली. त्याच आठवड्यात इकडे रेसिडेंट पर्सी कॉक्सने आबादानशेजारच्या मोहम्मराच्या शेख खझलकडून रिफायनरीसाठी आबादानची जमीन मिळवली. वर्षाला ६५० पौंड भाडं, वर १० हजार पौंडांचं कर्ज. पुन्हा तेच, तेहरानला वगळून.

१९१४ साली ब्रिटिश सरकारनेच अँग्लो-पर्शियन तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर घेतले. युद्ध पेटलं आणि पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची सोळावी ब्रिगेड ऑक्टोबरमध्ये मुंबईहून निघाली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. ६ नोव्हेंबरला ती आखाताच्या टोकाशी फावला उतरली. आबादान राखणं हे तिच्या कामांपैकी एक. तरी फेब्रुवारी १९१५ मध्ये शेख खझलच्याच हद्दीतल्या बावी अरबांनी पाइपलाइन तोडली. तेल पुन्हा सुरळीत व्हायला जून उजाडला. ती भरपाई कंपनीने तेहरानकडे मागितली आणि त्यांची रॉयल्टी अडवून धरली. शहाच्या त्या हमीचा उपयोग एवढाच झाला. आपली माणसं पुढे तिग्रिस नदीने वर सरकली आणि एप्रिल १९१६ मध्ये कूतला तुर्कांपुढे शरण जावं लागलं.

तेव्हा शेखला त्याचं देताना कां-कूं करू नकोस, जमीन त्याची आहे. पण नव्या कंत्राटात चाळीसही जणांची नावं घाल. पगार ज्याच्या त्याच्या हातात, पावतीवर सही नाहीतर अंगठा. शेख कुरकुर करेल. तुझा साहेबही म्हणेल की कशाला नसती कटकट.

एक काम सांगतो. नासिरियाच्या रस्त्यावर, शहरापासून बत्तीसेक किलोमीटरवर पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. आधी बंदराजवळ होतं, १९९७ मध्ये सद्दामने तिकडे हलवलं. सुरक्षेची परवानगी असेल तरच जा, एकटी मुळीच नको. तिथल्या फलकांवर गोऱ्यांची नावं आहेत, आपल्या अधिकाऱ्यांचीही आहेत. शिपायांची नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा कोरलाय. ११७ व्या मराठाखाली किती लिहिलंय ते बघ आणि मला कळव. फोटो मिळाला तर उत्तम.

आईने शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट पाठवलंय, पुढच्या आठवड्यात येणाऱ्या तुझ्या सहकाऱ्याबरोबर.

तुझे,
बाबा