आधी खुर्ची, मग नाडी

ताई,

फोनवर तुम्ही आभार मानूच दिले नाहीत. म्हणून हे जाहीर पत्र.

त्या जनजागृतीच्या टेबलाशी आम्ही थांबलो ते बाबांना टेकायला खुर्ची हवी होती म्हणून. मागे लाल हृदयाचं पोस्टर होतं. असली पोस्टरं जन्मभर पाहिलीत, एकही लक्षात नाही. तुम्ही पत्रक पुढे केलं नाहीत. बाबांचा तळवा उताणा केलात, अंगठ्याच्या बुडाशी तीन बोटं टेकवलीत आणि पुरतं एक मिनिट गप्प बसलात. मग माझी बोटं तिथे ठेवलीत. "आकडा सोडा, ताल बघा." दोन ठोके लागोपाठ, मग पोकळी, मग घाईघाईने तीन. बाबांना धडधड नाही, चक्कर नाही, काही म्हणजे काही नाही!

ईसीजीत एट्रियल फायब्रिलेशन निघालं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. धोका साधारण पाचपट. आता रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

नंतर मी थोडं वाचलं. डेन्मार्कमधल्या २०२१ च्या एका अभ्यासात सत्तरीपुढच्या लोकांच्या त्वचेखाली हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं यंत्र बसवलं. रुग्ण तिपटीने सापडले, पण पक्षाघात म्हणावे तसे घटले नाहीत. त्याच वर्षीच्या स्वीडनमधल्या अभ्यासात पंच्याहत्तरीच्या आसपासच्यांना तपासणीला बोलावलं, तर निम्मेच आले. फायदा दिसला, पण थोडाच. तेव्हापासून "इतक्या हजारांपर्यंत पोहोचलो" असं कुणी सांगितलं की मी विचारतो, त्यातले ईसीजीपर्यंत किती गेले?

आम्हीही गेलो नसतोच. तुमची "ईसीजी, याच आठवड्यात" ही चिठ्ठी माझ्या खिशातच चुरगळली होती. चौथ्या दिवशी तुमचा फोन आला, "काढला का?" मी "उद्या" म्हटलं आणि खोटं पडायला नको म्हणून दुसऱ्या दिवशी खरंच गेलो. तुमच्या मोहिमेच्या अहवालात या फोनला रकाना नसेल. असायला हवा.

बाबांनी आता तुमचं काम उचललंय. आला-गेला कुणीही असो, आधी त्याचं मनगट धरतात. परवा माझं धरलं. मिनिट संपेपर्यंत बोलू दिलं नाही.

तुमचा,
खुर्ची मागणारा