तो कागद फाडून टाक

पुणे, रविवार

प्रिय दिल्या,

स. न. वि. वि. चार महिने तुझे फोन 'नंतर बोलतो' म्हणून टाळले, त्याबद्दल जोडे मारायचे तर सवडीने मार. तब्येत ठीक, गुडघा तसाच. आधी एक काम कर. तुमच्या कार्यक्रमात गिटार वाजवणाऱ्या पोरासाठी, जोनी मिचेल या कॅनडाच्या गायिकेच्या गाण्यांचे कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरसमूह) लिहून जो कागद मी तुला पाठवला होता, तो फाडून टाक. त्यातला एकेक कॉर्ड बरोबर आहे आणि गाणं साफ चुकलंय.

मी ते सगळं नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तारा नेहमीच्या स्वरांना लावून बसवलं होतं, जाड तारेपासून ई-ए-डी-जी-बी-ई. त्या ट्यूनिंगमध्ये बाई क्वचितच वाजवते. नवव्या वर्षी पोलिओ झाला, डाव्या हातात जोर राहिला नाही, बोटं ताणून धरायचे कॉर्ड झेपेनात. मग तिने हाताला सोपं पडेल तशा ताराच लावून घेतल्या. अशी पन्नासच्या आसपास ट्यूनिंगं आहेत तिची.

तू पेटीवाला, तुला सरगममध्ये सांगतो. ओपन डी म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की डीचाच कॉर्ड, जाड तारेपासून सा-प-सा-ग-प-सा. तंबोऱ्यात गंधार घातला की झालं. सहावी (सगळ्यात जाड), दुसरी आणि पहिली तार दोन-दोन फ्रेट उतरव (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची पट्टी, एकेक अर्ध्या स्वराची), तिसरी एक फ्रेट, चौथी-पाचवीला हात लावू नको. आता पाचव्या फ्रेटवर एक बोट आडवं टाकलं की मध्यमाचा कॉर्ड, सातव्यावर टाकलं की पंचमाचा. 'बिग यलो टॅक्सी' या गाण्याला तारांची हीच जुळणी दोन फ्रेट वर, म्हणजे ओपन ई. पण तुमच्या पोराला ई लावायला सांगू नको. तिथे तीन तारा वर चढवाव्या लागतात आणि तिसरी तुटते, कारण गुंडाळलेल्या तारांमध्ये आतली पोलादी तार तिचीच सगळ्यात बारीक. डी लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा लाव, स्वर तेच मिळतात.

'अमेलिया' याच आकृतीत, डीपेक्षा दोन फ्रेट खाली, ओपन सी. तिची लिहायची रीत बघ किती सुटसुटीत आहे: जाड तारेचा स्वर, आणि पुढे पाच आकडे, की कितव्या फ्रेटवर दाबली असता ही तार पुढच्या तारेशी जुळते. नेहमीचं ट्यूनिंग ई ५५५४५. ओपन डी म्हणजे डी ७५४३५, ओपन सी म्हणजे सी ७५४३५. आकडे तेच, म्हणून बोटं तीच. आणि 'कोयोटी'? सी ७७३७४. सरगममध्ये सा-प-रे-म-सा-ग! मोकळ्या तारा छेडल्या की रे, ग, म तिघे एकदम. पेटीवर तू हे केलं असतंस तर सरांनी भाता तुझ्या डोक्यात घातला असता. इथे मात्र ते लटकत राहतं, कुठे उतरायचं ते ठरत नाही. अशा कॉर्डांना ती प्रश्न विचारणारे कॉर्ड म्हणते. माझ्या कागदावर मी त्यांना सरळ मेजर-मायनर करून टाकलं होतं. प्रश्नचिन्ह पुसून पूर्णविराम.

आता तुझं जुनं पालुपद मला इथपर्यंत ऐकू येतंय: 'ठसा बॉब डिलनचा, जोनीचा नुसता आदर.' अरे, 'बोथ साइड्स नाऊ' तिने स्वतः रेकॉर्ड करायच्या दोन वर्षं आधी, १९६७ मध्ये, जूडी कॉलिन्सने गायलं. तिचं 'वुडस्टॉक' १९७० मध्ये क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग या बँडने गाजवलं, आणि ते लिहिणारी त्या नावाच्या संगीत महोत्सवाला गेलीच नव्हती. १९९७ मध्ये जॅनेट जॅक्सनने 'बिग यलो टॅक्सी'चं ध्रुपद उचलून आपल्या गाण्यात बसवलं. हे कॅन्टीनमध्ये सांगितलं असतं तर तू बिल तरी भरलं असतंस.

पण माझा घोर वेगळाच आहे. लोक चाल घेतात, शब्द घेतात, तारांची जुळणी मागे राहते. इंटरनेटवर कॉर्ड शोध, दहापैकी बरेच माझ्यासारखेच सपाट केलेले. तिच्याआधी ओपन ट्यूनिंग नव्हतं असं नाही, ब्लूजवाले आणि हवाईचे गिटारवाले ते वापरतच होते. पण नाव नसलेले कॉर्ड शोधायला खुंट्या पिळायच्या, ही सवय गाणी लिहिणाऱ्यांना तिने लावली, आणि मी तेवढंच गाळून कागद भरला! तू म्हणशील, जॅझ पियानोवाल्या हर्बी हॅनकॉकने २००७ मध्ये तिच्या गाण्यांवर पियानोने आख्खा अल्बम केला, २००८ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमीही मिळाला. पियानोच्या खुंट्या गाण्यागणिक कोण पिळतो? कबूल. पण हॅनकॉकने ते कॉर्ड कानाने उचलले, मी कंटाळ्याने.

स्टेजवर भानगड होणार ती अशी. चार तारा उतरवल्या की गिटारच्या मानेवरचा ताण कमी होतो आणि ज्यांना हात लावला नाही त्या वर चढतात. म्हणून एकदा लावून थांबू नको, दोन फेऱ्या कर. तार नेहमी स्वराच्या खाली नेऊन मग वर आण, नाहीतर वाजवता वाजवता उतरते. पिळताना 'टिंग' असा आवाज आला तर ती नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत अडकतेय. खाचेत शिसपेन्सिल घास. सीला जाड तार चार फ्रेट सैल होते, ५३ची (हा तारेच्या जाडीचा आकडा) लडबडते आणि जोरात छेडली की स्वर वर पळतो. ५६ची घे आणि पोराला हळू वाजवायला सांग. शक्य तर दोन गिटारी ठेवा, एक डीला, एक सीला. या रोजच्या पिळापिळीला ती स्वतः इतकी वैतागली होती की कार्यक्रम बंद करायला निघाली होती. १९९५ मध्ये रोलंड कंपनीचं व्हीजी-८ हे गिटारला जोडायचं यंत्र हाती आलं, तेव्हा सुटली. त्यात तारा जागच्या जागी, स्वर यंत्र बदलतं.

आणि २०१५ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाल्यावर तिला गिटार पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली. आपली बोटं कुठे पडत होती ते ती स्वतःचेच जुने व्हिडिओ लावून बघायची. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या संगीत महोत्सवात वाजवलंन. तुमच्या पोरालाही कागद न देता तेच दाखव, डावा हात नीट दिसेल असा व्हिडिओ निवडून.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिनूची दहावी ना यंदा? घराचं रंगकाम उरकलं असेल. सगळं एका ओळीत कळव, मी तेवढ्यालाच लायक आहे.

कार्यक्रमाला येतोय. येताना तिसऱ्या तारेचे दोन नग घेऊन येईन, तरी तूही एक घेऊन ठेव.

तुझा,
बाळ्या