कागदाची चोच

घाटाखालून,
मे महिन्याचा शेवटचा आठवडा

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, पोरगी सुट्टीत हातातला मोबाईल खाली ठेवत नाही, काय करू? तेव्हा मी विहिरीवर मोटरीशी झटत होतो, धड बोललोही नाही. नंतर दिवसभर चुटपुट लागून राहिली. म्हणून आज दुपारी ओसरीत बसून सविस्तर लिहितो आहे. शिवाय तुला पाकिटातून एक वस्तूही पाठवायची आहे.

दोन्ही बहिणी पोरं घेऊन आल्या आहेत. त्यात शेजारची तीन, म्हणजे ओसरीत एकूण आठ पोट्टे. इथलं ऊन तुला सांगायला नको. सकाळी दहानंतर अंगणात पाय ठेववत नाही. तुमच्याकडच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतील, आमच्याकडे उन्हापायी जून सरत येतो तेव्हा कुठे घंटा वाजते. एवढ्या लांब दुपारी काढायच्या कशा? त्यात लाईट गेली की कूलर बंद, टीव्ही बंद, अन् मोबाईल चार्ज नाही म्हणून भांडणं.

तशाच एका दुपारी मला आपली चोच आठवली. चौथीत आपण वहीची मधली पानं फाडून करायचो ती, चार बोटांत घालून उघडझाप करायची. आधी वाटलं, घडी विसरलो असेन. पण हाताला आठवत होतं. भाचीची मागच्या वर्षीची वही घेतली, पान तिरपं दुमडून चौकोन केला, उरलेली पट्टी घडीवर जीभ फिरवून सरळ फाडली. चारही कोपरे मध्यात आणले, पालथं केलं, पुन्हा चारही कोपरे मध्यात. मग आडवी-उभी निम्मी घडी, आणि खालच्या चार खिशांत बोटं. चोचीनं आ वासला तशी सगळी पोरं माझ्या गुडघ्यांवर चढली.

तू पोरीबरोबर करशील तेव्हा दोन गोष्टी सांभाळ. एक म्हणजे वर्तमानपत्राचा कागद घेऊ नको. घामाच्या हातानं तो लगेच मऊ पडतो, दहाव्यांदा उघडताना मधोमध फाटतो. वहीचं पान चांगलं. दुसरं म्हणजे माप. दोनदा कोपरे मध्यात घेतले की चौकोनाची बाजू बरोबर निम्मी होते. वीस सेंटिमीटरच्या कागदाची दहाची चोच होते, ती माझ्या हाताला ठीक. पण धाकटा सहा वर्षांचा, त्याची बोटं चोचीच्या टोकापर्यंत पोचेनात. रडकुंडीला आला. पंधराचा चौकोन कापून दिला तेव्हा साडेसातची चोच त्याच्या पंजात नीट बसली. घडी प्रत्येक वेळी नखानं घोटायला लाव, तिथं घाई केली की चोच मिटत नाही.

आता खेळ. बाहेरच्या चार पाकळ्यांवर चार रंग, आत आठ आकडे, आकड्यांच्या पाकळ्यांखाली आठ भविष्यं. समोरच्यानं रंग सांगायचा, त्या रंगाची जितकी अक्षरं तितक्यांदा चोच उघडायची. मग आत दिसतील त्यातला आकडा, पुन्हा तितक्यांदा. मग शेवटचा आकडा निवडून पाकळी उचलायची. थोरली भाची सहावीत आहे. ती अर्धा तास नुसती बघत बसली, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मामा, लाल अन् निळा दोन अक्षरी, हिरवा अन् पिवळा तीन अक्षरी. दोन अक्षरीले एक-दोन-पाच-सहाच दिसते, तीन अक्षरीले तीन-चार-सात-आठ." मी करून पाहिलं. पहिल्यांदा नेहमी एकाच बाजूनं उघडली तर खरंच तसंच होतं, आणि पुढे विषम आकडा घेतला की बाजू पालटते, सम घेतला की तीच राहते. सम-विषम तिला शाळेत शिकवून झालं होतं, पण ते बोटांत उतरलं त्या दुपारी. मला इतका आनंद झाला की मी तिला उचलूनच घेतलं.

पण खरं सांगायचं ते भविष्यांचं.

पहिल्या दिवशी पोरांनी मनाला येईल ते लिहिलं. तू राजा होशील, तू नापास होशील, तुला भूत दिसेल. शेजारची सात वर्षांची पोरगी, तिला नेमकं भूत आलं. ती हसली नाही, काही बोलली नाही, उठून घरी गेली. रात्री तिची आजी सांगत आली, पोरगी अंगणात बाजेवर झोपायला तयार नाही, आत उकाड्यात दार लावून पडली आहे. बंड्या, मला फार लागलं ते. आपण खेळ म्हणून लिहितो, पण वाचणाऱ्याला ते कुणीतरी आपल्यालाच सांगितल्यासारखं वाटतं. आपल्या भागात तर भविष्याला केवढा मान! अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोदकडच्या भेंडवळला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात, आणि आमचे दादा चहा बाजूला ठेवून ते ऐकतात. अठरा धान्यांची मांडणी, मधे चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं. तुरीचं काय, कपाशीचं काय, हे ऐकताना घरात कुणी बोलत नाही. असल्या घरातली पोरं ही. त्यांना भविष्य म्हणजे गंमत वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, भीतीचं काही लिहायचं नाही. तिथून वेगळंच सुरू झालं. भाच्यानं लिहिलं होतं, "तुले आंबा भेटन." ते आलं त्याच भुताच्या पोरीला. तिनं हात पुढे केला. "लिवलं हाय न, तं दे मंग!" तो म्हणाला, अगं भेटन म्हणजे कधीतरी भेटन. ती हात मागे घेईना. शेवटी तो आत गेला, पेंढ्यात पिकायला घातलेल्यातला एक आंबा घेऊन आला. तिनं तिथंच बसून चोखला, कोपरापर्यंत रस. बाकी सात जण बघत होते.

त्या दिवसापासून पोरांचा नियमच झाला, जे लिहिलं ते लिहिणाऱ्यानं द्यायचं. मी काही सांगितलं नाही. भविष्यं एकदम बदलली, राजा-राणी गेले. "तुह्या वाटचं पाणी मी भरीन." "तुले विहिरीवरोक पाठुंगळी नेईन." "माह्ये दोन कंचे तुले." एकदा थोरलीला लिहिता लिहिता थांबलेली पाहिलं, पेन्सिल दातात. काय झालं विचारलं तर म्हणाली, "मामा, हे मले जमन का, इचार करून राह्यली." आठ पाकळ्यांसाठी तिनं अख्खी दुपार घेतली.

आणि चोच जुनी झाली की फेकत नाहीत. बोटांचे खिसे वर करून ठेवली की चार वाट्या होतात. घडीकामाच्या पुस्तकात वाचलं होतं, इंग्रजीत या घडीला मीठदाणीच म्हणतात. पोरांनी एकीत मीठ, दुसरीत तिखट घातलं, उरलेल्या दोनांत कैरीच्या फोडी. तिखटानं कागद लाल झाला, तरी चाटूनपुसून संपवलं.

मोबाईल सुटला का, असं विचारशील. लाईट आली की अजून मागतात. पण दुपारी जेवण झालं की आधी कागद मागतात, एवढं मात्र खरं.

पाकिटात थोरलीनं तुझ्या छोटीसाठी केलेली चोच चपटी करून घातली आहे. पहिल्यांदा कुठून उघडायची तिथं तिनं पेन्सिलीनं टिंब दिलं आहे. छोटीला आधी निळा म्हणायला सांग, मग पाच, मग सात. त्या पाकळीखाली लिहिलं आहे, "तू आमच्या गावाले येशीन अन् वावरातल्या माळ्यावर झोपशीन." लिहिताना तिनं मला विचारलं होतं, "मामा, हे तुमाले द्या लागन, चालते का?" मी हो म्हटलं आहे. माळ्याची एक फळी कुजली होती, ती काल बदलून घेतली. पाऊस लागायच्या आत ये.

वहिनींना नमस्कार, छोटीला अनेक आशीर्वाद.

तुझाच,
जुना बाकसोबती